‘सीझर’चा पाचवा भाग येणार का? प्राचीन शहरं वसवणाऱ्या गेमचं घोडं नेमकं कुठे अडलंय?

‘सीझर फोर’ हा गेम २००६ साली आला. त्यानंतर पाचवा भाग आलेला नाही. मधल्या काळात गेमच्या सीडी दुकानांतून गायब झाल्या, तो बनवणारी कंपनी गेली, विकणारी कंपनी दुसऱ्याच कंपनीत विरघळली. पण प्राचीन रोम, इजिप्त, ग्रीस वसवत रात्री जागवलेल्या खेळाडूंचा प्रश्न अजून तोच आहे: पुढचा भाग कधी?

सरळ उत्तर हवं असेल तर, ‘सीझर फाइव्ह’ची कोणतीही अधिकृत घोषणा झालेली नाही. पण म्हणून वाट पाहणं वेडेपणाचं ठरत नाही. २०२३ या एकाच वर्षात या मालिकेबाबत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत ‘फेरो’ या तिच्यातल्या इजिप्तच्या गेमची नव्याने बनवलेली आवृत्ती आली आणि ऑक्टोबरमध्ये मालिकेची मालकी जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीकडे गेली. पुढचा भाग येईल की नाही, हे या दोन गोष्टींवरून बऱ्यापैकी समजतं.

ही मालिका नेमकी कुठली?

डेव्हिड लेस्टर यांनी १९८९मध्ये इम्प्रेशन्स गेम्स ही कंपनी सुरू केली. १९९२मध्ये तिचा ‘सीझर’ आला. तुम्ही रोमन साम्राज्यातल्या एका प्रांताचे अधिकारी, समोर मोकळी जमीन, हातात थोडे पैसे आणि वरून सम्राटाचा हुकूम, अशी ती मांडणी. १९९५मध्ये ‘सीझर टू’ आला आणि त्याच वर्षी सिएरा या मोठ्या अमेरिकन कंपनीने इम्प्रेशन्स विकत घेतली.

मालिकेचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते १९९८च्या ‘सीझर थ्री’मुळे. (म्हणजे हा गेम माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, आणि तरी माझ्या लॅपटॉपवर तो उत्तम चालतो.) मग दरवर्षी एक अशी रांगच लागली. १९९९मध्ये इजिप्तचा ‘फेरो’, २०००मध्ये त्याला जोडलेला ‘क्लिओपात्रा’ आणि ग्रीसचा ‘झ्यूस’, २००१मध्ये अटलांटिसचा ‘पोसायडन’, २००२मध्ये चीनचा ‘एम्परर’. संस्कृती बदलली तरी गाभा तोच राहिला. त्यामुळे चाहते ‘पुढचा भाग’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘सीझर’ हेच नाव हवं असतं असं नाही. त्यांना तो गाभा हवा असतो.

रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांची जादू

हा गाभा कळल्याशिवाय चाहत्यांची तगमग कळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

शहर वसवण्याच्या बहुतेक गेममध्ये तुम्ही दवाखाना बांधला की त्याच्याभोवती एक वर्तुळ तयार होतं. वर्तुळातल्या घरांना उपचार मिळाले, विषय संपला. ‘सीझर थ्री’मध्ये दवाखान्यातून एक डॉक्टर बाहेर पडतो आणि रस्त्यावरून चालायला लागतो. तो ज्या घरांजवळून जाईल, त्यांनाच उपचार मिळतात. चौक आला की तो कुठे वळेल याचा नेम नाही. ठरावीक अंतर चालून तो परत जातो. तो पलीकडच्या गल्लीत शिरला नाही, तर त्या गल्लीसाठी डॉक्टर नाहीच.

हेच न्हाव्याचं, शिक्षकाचं, पुजाऱ्याचं, कर वसूल करणाऱ्याचं. बाजारातून दोन प्रकारची माणसं निघतात. एक कोठारात जाऊन माल आणते आणि तिच्यामागे टोपल्या घेऊन पोरांची रांग चालत असते. दुसरी तो माल घरोघरी पोहोचवते. प्रीफेक्ट नावाचा शिपाई आगी विझवतो आणि गुन्हेगारांना आवरतो. अभियंता फिरला नाही, तर इमारती कोसळतात.

घरं आपोआप सुधारतात. लहानशा तंबूपासून आलिशान महालापर्यंत घराच्या एकूण २० पायऱ्या आहेत. पाणी मिळालं, अन्न मिळालं, देऊळ जवळ आलं की तंबूची झोपडी होते. मग मातीची भांडी, ऑलिव्हचं तेल, शाळा, नाटकगृह, स्नानगृह, वाइन अशा मागण्या वाढत जातात. यातली एखादी गोष्ट काही काळ थांबली की घर पुन्हा खालच्या पायरीवर येतं आणि लोक सामान उचलून शहर सोडतात. लोक कमी झाले की कामगार कमी, कामगार नाहीत म्हणून प्रीफेक्ट नाही, प्रीफेक्ट नाही म्हणून आग. एका चुकीच्या वळणावर गेलेल्या बाजारवालीमुळे अर्धं शहर जळालेलं ‘सीझर थ्री’च्या कोणत्याही खेळाडूने पाहिलेलं असतं.

उलटा फटकाही आहे. घरं श्रीमंतांच्या हवेल्यांच्या पायरीवर पोहोचली की त्यातले रहिवासी काम करणं सोडून देतात. जिथे कालपर्यंत शेकडो मजूर मिळत होते, तिथे आज फक्त कर भरणारे उमराव. शहर जास्त छान झालं म्हणून शेतं ओस पडण्याचा हा प्रकार पहिल्यांदा अनुभवताना खरंच चक्रावायला होतं.

डोक्यावर देव आणि सम्राट आहेतच. सेरेस, नेपच्यून, मर्क्युरी, मार्स, व्हीनस या पाचांपैकी कुणाकडे दुर्लक्ष झालं तर त्याचा कोप होतो. नेपच्यून चिडला की व्यापारी जहाजं बुडतात, सेरेस चिडली की पिकं जातात. कर्ज ५,००० देनारींपर्यंत काढता येतं, पण सम्राटाची मर्जी फारच खालावली तर तो स्वतःचं सैन्य तुमच्यावर धाडतो.

म्हणजे या गेममधलं खरं कोडं रस्त्यांचं आहे. जुने खेळाडू चौक टाळून बंद चौकोनी वस्त्या आखायचे, म्हणजे चालणाऱ्याला वळायला जागाच उरायची नाही. काही जण नगराच्या वेशीचा दरवाजा भलत्याच ठिकाणी बांधून त्याचा अडसर म्हणून उपयोग करायचे. ‘फेरो’मध्ये निर्मात्यांनी ही गरज ओळखली आणि चालणाऱ्यांना अडवणारं चौकीसारखं अधिकृत साधनच दिलं. त्यात नाईलचा पूरही होता. दरवर्षी पूर किती आला यावर शेती, शेतीवर धान्य आणि धान्यावर पिरॅमिड.

मग घोडं अडलं कुठे?

मागणी नाही म्हणून मालिका थांबली, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते पटत नाही. हे सगळं प्रकरण मालकीच्या कागदपत्रांभोवती फिरतं.

सिएरा ही कंपनी स्वतः १९९६पासून हातोहात फिरत होती. आधी ती सीयूसी या कंपनीने घेतली, मग त्या व्यवसायाची मालकी बदलत बदलत फ्रान्सच्या विवेंडीकडे गेली. एप्रिल २००४मध्ये विवेंडीने इम्प्रेशन्सचं ऑफिस बंद केलं. माणसं पांगली, गेमची नावं मात्र कंपनीच्या कपाटात राहिली.

इम्प्रेशन्समधल्या माणसांचं पुढे काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. एका गटाने आधीच टिल्टेड मिल ही कंपनी उभी केली होती. २००४मध्ये त्यांनी ‘चिल्ड्रन ऑफ द नाईल’ आणला. नाव वेगळं, कारण ‘फेरो’ हे नाव त्यांच्या मालकीचं नव्हतं. त्यात चालणाऱ्यांची पद्धत बदलून प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा दिनक्रम दिला होता आणि पैशांऐवजी सगळा व्यवहार धान्य आणि भाकरीवर चालायचा. याच कंपनीला विवेंडीने ‘सीझर फोर’चं काम दिलं. तो थ्रीडी होता, दिसायला देखणा होता, समाजाचे तीन वर्ग वेगवेगळ्या घरांत राहायचे. पण रस्त्यांचं कोडं त्यात बरंच सैल झालं, आणि जुन्या खेळाडूंच्या मनात ‘सीझर थ्री’ची जागा त्याला घेता आली नाही.

दुसरीकडे खुद्द डेव्हिड लेस्टर आणि ‘सीझर थ्री’ घडवणारे सायमन ब्रॅडबरी १९९९मध्येच फायरफ्लाय स्टुडिओजच्या स्थापनेत सामील झाले होते. तिथून २००१मध्ये ‘स्ट्राँगहोल्ड’ आला, आणि त्यातून निघालेला ‘स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर’ आपल्याकडेही अनेकांनी खेळला आहे. गंमत पाहा, फायरफ्लायने ‘स्ट्राँगहोल्ड’ २०२३मध्ये आणि ‘क्रुसेडर’ २०२५मध्ये स्वतःच नव्या रूपात आणले. बनवणारे आणि ठरवणारे एकाच छताखाली असले की जुन्या गेमला पुन्हा दिवस येतात ते असे. ‘सीझर’ला हे छत मिळालं नाही.

२००८मध्ये विवेंडीचा गेमचा व्यवसाय आणि ॲक्टिव्हिजन एकत्र आले. इम्प्रेशन्सचे सगळे गेम ॲक्टिव्हिजनकडे गेले, जिचं सगळं लक्ष ‘कॉल ऑफ ड्यूटी’वर होतं. २०१४मध्ये ॲक्टिव्हिजनने सिएराचं नाव पुन्हा वापरात आणलं, तेव्हा चाहत्यांना आशा वाटली. पण त्या नावाखाली ‘किंग्ज क्वेस्ट’ आला, ‘सीझर’ नाही. शेवटी १३ ऑक्टोबर २०२३ला मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डची खरेदी पूर्ण केली. जानेवारी २०२२मध्ये जाहीर झालेला हा सौदा ६८.७ अब्ज डॉलरचा होता. एवढ्या मोठ्या गाठोड्यात ‘सीझर’ म्हणजे तळाशी पडलेली एक छोटी पुरचुंडी.

वाईट आहे की चांगलं? दोन्ही. मायक्रोसॉफ्टला हा गेम काढून फार पैसे मिळणार नाहीत, त्यामुळे तो त्यांच्या यादीत वर असण्याचं कारण नाही. पण ‘एज ऑफ एम्पायर्स’चे जुने भाग एकामागून एक नव्याने काढणारीही हीच कंपनी आहे. शिवाय नाव भाड्याने देऊन दुसऱ्याकडून गेम बनवून घेण्याचा मार्ग असतोच. तो एकदा वापरलाही गेला आहे.

‘फेरो’च्या नव्या आवृत्तीने काय शिकवलं?

फ्रान्समधल्या ट्रिस्केल इंटरॅक्टिव्ह या छोट्या कंपनीने २०१५मध्ये ‘लेथिस’ नावाचा गेम काढला होता. वाफेच्या यंत्रांचं काल्पनिक जग, पण आतून सरळसरळ ‘सीझर थ्री’चा चाहता. त्याच कंपनीने डॉटएमू या प्रकाशकासोबत, ॲक्टिव्हिजनच्या परवानगीने, ‘फेरो’ नव्याने बनवला. २०२०मध्ये घोषणा झाली आणि १५ फेब्रुवारी २०२३ला ‘फेरो: अ न्यू एरा’ आला. सगळी चित्रं नव्याने काढलेली, मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसणारी. मूळ गेम आणि ‘क्लिओपात्रा’ मिळून ५०हून अधिक मोहिमा त्यात आहेत.

कौतुक झालं, तशी कुरकुरही झाली. मूळ गेममध्ये प्रत्येक इमारतीला कामगार शोधायला एक माणूस रस्त्यावर पाठवावा लागायचा. नव्या आवृत्तीत हा भाग सोपा करून शहरभरातल्या कामगारांचा एकच साठा केला. लढायाही बऱ्याच सोप्या केल्या. नव्या खेळाडूला यात काही खुपणार नाही. जुन्याला मात्र वाटतं की खाणीजवळ वस्ती का वसवायची, याचं कारणच गेलं.

माझ्या मते पुढच्या कोणत्याही भागासमोरचा अवघड प्रश्न हाच आहे. चित्रं सुधारणं पैशाने होतं. पण कुठली कटकट काढायची आणि कुठली ठेवायची? कारण या मालिकेत बरीचशी मजा कटकटीतच आहे.

वाट न पाहता ज्यांनी कामच सुरू केलं

‘सीझर थ्री’चे चाहते मालकांच्या भरवशावर बसले नाहीत. ‘ज्युलियस’ नावाच्या मुक्त प्रकल्पात मूळ गेमचं इंजिन नव्याने लिहून काढलं गेलं, म्हणजे तो आजच्या कॉम्प्युटरवर, मोठ्या पडद्यावर विनातक्रार चालतो. यातले नियम मुद्दाम जसेच्या तसे ठेवले आहेत, जुना सेव्ह केलेला खेळसुद्धा उघडतो. त्यातून फुटलेला ‘ऑगस्टस’ हा प्रकल्प पुढे जातो. त्यात रस्ता अडवण्याचं साधन आहे, नव्या इमारती आहेत, कामगारांचा एकत्र साठा हवा की नको हे खेळाडू स्वतः ठरवतो. ‘फेरो’च्या नव्या आवृत्तीवरून जो वाद झाला, त्यावर इथे एका पर्यायाने तोडगा निघाला.

हे कायद्यात कसं बसतं? दोन्ही प्रकल्प मूळ गेमची चित्रं आणि आवाज वाटत नाहीत. ते चालवायला तुमच्याकडे विकत घेतलेला ‘सीझर थ्री’ असावा लागतो, आणि तो स्टीम आणि जीओजी या दुकानांत मिळतो. त्यामुळे मालकाचा तोटा होत नाही, उलट जुना गेम अजून विकला जातो.

इतर गेममध्ये ती तहान भागते का?

सगळ्यात मोठं नाव ‘ॲनो ११७: पॅक्स रोमाना’. युबिसॉफ्टचा हा गेम १३ नोव्हेंबर २०२५ला आला. इसवी सन ११७ हे रोमन साम्राज्याच्या सर्वाधिक विस्ताराचं वर्ष. याच वर्षी सम्राट ट्रेजन वारला आणि हेड्रियन गादीवर आला. गेममध्ये लॅटियम आणि दलदलीचा ॲल्बियन, म्हणजे इटली आणि ब्रिटन, असे दोन प्रदेश आहेत. ॲल्बियनमध्ये लोकांना रोमन रीत लावायची की त्यांची केल्टिक रीत ठेवायची, हे तुम्ही ठरवता. (ॲनो मालिकेतल्या प्रत्येक वर्षाच्या अंकांची बेरीज ९ येते. १६०२, १४०४, १८००, ११७, करून पाहा.)

गेम भव्य आहे, पण त्याचा जीव बेटांमधल्या व्यापारात आणि कारखान्यांच्या साखळ्यांत आहे. डॉक्टर कुठल्या गल्लीत वळला याची चिंता तिथे नाही. रोम हवा असेल तर तो तिथे आहे, ‘सीझर’ हवा असेल तर नाही.

त्या मानाने ‘नेबुकॅडनेझर’ जवळचा. चेक प्रजासत्ताकातल्या नेपोस गेम्सने २०२१मध्ये काढलेला हा गेम मेसोपोटेमियात घडतो. यात माणसं रस्त्यावरून चालतात, पण त्यांचा मार्ग तुम्ही आखून देता. मोठी मंदिरं आणि वास्तूही स्वतः रचता येतात. आवाका छोटा आहे. पण ‘कटकट ठेवा, नशिबाचा भाग काढा’ हे उत्तर त्यांनी नीट शोधलं आहे.

पुढचा भाग आलाच तर?

पूर्ण नवा ‘सीझर फाइव्ह’ येण्यापेक्षा ‘सीझर थ्री’ची नवी आवृत्ती येणं जास्त शक्य वाटतं. ‘फेरो’चा रस्ता तयार आहे, त्यात पैसा आणि धोका दोन्ही कमी. तशी घोषणा झालीच तर ट्रेलरमधल्या सोनेरी उन्हाकडे फार लक्ष देऊ नका. दोन गोष्टी पाहा. सेवा माणसांच्या पायांनी घरापर्यंत पोहोचतात की वर्तुळाने? आणि घर वरच्या पायरीवरून खाली घसरतं का? दोन्हींचं उत्तर नकारार्थी असेल तर तो दुसराच कुठला तरी गेम आहे, नाव काहीही असो.

एक मागणी मात्र माझ्याकडूनही. या मालिकेने रोम, इजिप्त, ग्रीस, चीन केलं, भारताकडे ती फिरकलीच नाही. धोलावीराचे जलाशय आणि मोहेंजोदडोच्या विटांच्या गटारी तर या प्रकारच्या गेमसाठीच बांधल्यासारख्या आहेत. रोमपासूनही आपण फार लांब नव्हतो. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेरहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. ‘सीझर’च्या व्यापारी नकाशावर भडोच हे एक ठिकाण वाढवलं तरी आपण खूश.

आत्ता सुरुवात करायची असेल तर

जुन्या चित्रांचं वावडं नसेल तर ‘सीझर थ्री’ घ्या आणि त्यावर ‘ऑगस्टस’ बसवा. चित्रं स्वच्छ हवी असतील तर ‘फेरो: अ न्यू एरा’. निवांत खेळायचं असेल तर ‘झ्यूस’ सगळ्यात मवाळ आहे. तिन्ही साध्या लॅपटॉपवर चालतील, ‘ॲनो ११७’साठी मात्र चांगलं ग्राफिक्स कार्ड लागेल. आणि कुठलाही गेम घेतलात तरी पहिल्या वस्तीला चौक ठेवू नका.